मागील बाकी : मनात राहिलेले पाच चित्रपट

१

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या मोंढ्यात नव्या वह्यांची पूजा होते. हिशेब केव्हाच संगणकात गेले. तरीही लाल कापडी बांधणीची एखादी वही पाटावर ठेवल्याशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नाही. मी गेली तीस वर्षे एका आडत दुकानात हिशेब लिहितो. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'श्री' लिहिले जाते आणि मुहूर्ताचा पहिला सौदा झाला, की त्या कोऱ्या वहीत मागील बाकी उतरवायला घ्यायची. ज्याचे खाते जुन्या वहीत चुकते झाले, त्याची बाकी पुढे येत नाही. ज्याचे राहिले, ते ओढून नव्या वहीत आणावे लागते.

चित्रपटांविषयीच्या माझ्या वह्या याच सवयीतून सुरू झाल्या. १९८८पासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची तारीख, ठिकाण, सोबत कोण होते आणि चार-सहा ओळी असा मजकूर मी लिहीत आलो. चित्रपटाचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. मिळतील ती पुस्तके आणि दिवाळी अंकांतले लेख वाचले. रजा काढून दोनदा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाऊन आलो. एवढीच माझी तयारी.

'चांगले सिनेमे सांगा' असे ओळखीचे लोक म्हणतात, तेव्हा पूर्वी मी यादी देत असे. पुढे एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांच्यावर मी पानभर कौतुक लिहिले होते, असे कितीतरी चित्रपट आज नाव वाचूनही आठवत नाहीत. उलट काही चित्रपट पुन्हा पाहिलेले नसतानाही त्यांची नावे पुढच्या वर्षांच्या वह्यांत येत राहिली आहेत. कधी एखाद्या मयताच्या दिवशी, कधी पेरणीच्या, कधी गावातल्या भांडणाच्या. या लेखासाठी मी सगळ्या वह्या पुन्हा चाळल्या आणि असे पुढे ओढले गेलेले चित्रपट वेगळे काढले. त्यांतले पाच मराठी चित्रपट येथे घेतो. ते सर्वश्रेष्ठ आहेत असा दावा नाही. ते का राहिले, हा प्रश्न आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला पुढे ते तपासता येईल. या पाचही चित्रपटांत जे घडते ते पाहणारे कोणीतरी चित्रपटाच्या आतच आहे. मुख्य घटना त्या माणसाच्या हातात नसते. घटना संपते आणि हे माणूस मागे उरते. त्याचा हिशेब चित्रपट मिटवत नाही. आपण टॉकीजबाहेर पडतो ते त्याची बाकी घेऊन.

२

'संत तुकाराम' हा पहिला. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, १९३६ सालचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आता शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असते. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते गौरीबाईंच्या जिजाईविषयी.

आमच्या गावात, बदनापूर तालुक्यात, सप्त्याच्या शेवटच्या रात्री मारुतीच्या पारासमोर पडदा लावून हा चित्रपट दाखवला होता. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण धरून जिजाई देवळात शिरते, तेव्हा बायकांच्या बाजूने मोठा हशा उठला. तो हशा देवाची टवाळी करणारा नव्हता. घरात दाणा नसताना देवाला जाब विचारणारे कोणीतरी भेटले, याचा तो आनंद होता. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात. सोबत चल, असे ते बायकोला सांगतात. तिला मात्र पोरांच्या जेवणाची घाई असते. पुरुषमंडळी हात जोडून उभी राहिली. घरी येताना माझी माय शेजारणीला म्हणाली, "त्यो गेला इमानात बसून. हिनं काय करावं आता?"

माझ्या आयुष्यात ऐकलेली ही पहिली चित्रपट-समीक्षा. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्याने लोकांची खाती बुडवून टाकली, त्याच्या स्वतःच्या घरचे खाते मात्र कोणी बुडवले नाही. दामले-फत्तेलालांचे मोठेपण असे, की भक्तिपट काढताना त्यांनी हे लपवले नाही. जिजाईला त्यांनी कजाग बायको म्हणून हसण्यावारी नेले नाही आणि शेवटी तिचे मतपरिवर्तन करून तिला भक्तीच्या रांगेतही बसवले नाही. विमान वर जाते, ती खाली राहते. तुकोबांचे चमत्कार मला आता पुसट आठवतात. चुलीजवळची जिजाई स्पष्ट दिसते.

३

दुसरा 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे निर्माते. १९७५च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील नीळू फुले यांनी केला आणि दारूत बुडालेला, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक असलेला मास्तर डॉ. श्रीराम लागू यांनी. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न हा मास्तर विचारत राहतो.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या बोलण्यात म्हणीसारखा रुजला. सभांमध्ये तो आजही ऐकू येतो आणि बरेचदा तो उच्चारणाऱ्याने चित्रपट पाहिलेलाही नसतो. एका चित्रपटातला प्रश्न पन्नास वर्षे का टिकावा? मला वाटते, तो विचारणाऱ्याकडे काहीही नाही म्हणून. मास्तर हा नायक नव्हे. तो गावचा नाही, मारुतीचा नातलग नाही, त्याला पद नाही. तो ज्याच्या घरी खातो-पितो, त्याच्याच अंगणात त्याला हे विचारायचे आहे. हिंदुरावही निव्वळ खलपुरुष नाही. त्याने गावात पैसा आणला, रस्ता आणला, आणि मास्तरावर तो लोभही करतो. नीळू फुले यांच्या डोळ्यांत ते दिसते. त्यामुळे प्रेक्षकाला हिंदुरावाचा सरळ तिरस्कार करून मोकळे होता येत नाही.

हा चित्रपट मी १९९१मध्ये भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, दहा-बारा जणांसोबत पाहिला. पाहून झाल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्याकडंबी असं एक हाय." नाव कोणी घेतले नाही. सगळ्यांना ते ठाऊक होते. त्यानंतरच्या माझ्या वह्यांत 'सामना' सात वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी नाव न घेता.

४

'टिंग्या' २००८मध्ये आला. मंगेश हाडवळे यांचा हा पहिला चित्रपट. जुन्नरकडचा, बटाट्याची शेती करणारा कर्जबाजारी शेतकरी, बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून जायबंदी झालेला त्यांचा बैल चितंग्या, आणि त्या बैलावर जीव असलेला लहानगा टिंग्या. पेरणी तोंडावर आलेली. बैल उभा राहत नाही. तो खाटकाला देण्यावाचून बापापुढे मार्ग नाही. शेजारच्या रशिदाची आजी आजारी असते. म्हातारी कामाची उरली नाही म्हणून तिला कोणी विकत नाही, तिच्यावर उपचार करतात. मग चितंग्याला का विकता, असे पोराला पडलेले कोडे आहे. शरद गोयेकर या मुलाला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या कोड्याला बापाकडे उत्तर नाही. हाडवळे यांनी बापाला क्रूर दाखवले असते, तर आपण पोराच्या बाजूने रडून घरी गेलो असतो. मात्र शेती केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की बापाचा हिशेब बरोबर आहे. पोराचेही बरोबर आहे. दोन बरोबर हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांच्या मधोमध बैल बसलेला आहे.

येथे इटलीच्या व्हित्तोरिओ द सिका यांचा १९४८चा 'बायसिकल थीव्ज' आठवल्याशिवाय राहत नाही. सत्यजित राय यांनी १९५०मध्ये लंडनला तो पाहिला आणि आपणही अशाच साधेपणाने चित्रपट करायचा हे त्यांच्या मनात पक्के झाले. पाच वर्षांनी 'पथेर पांचाली' आला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी एका बेकाराला मिळते. सायकल असेल तरच नोकरी, आणि सायकल चोरीला जाते. दिवसभर शोध करून शेवटी तो स्वतः दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. त्याचा लहान मुलगा ब्रुनो हे सगळे पाहत असतो. मुलाकडे पाहूनच सायकलचा मालक त्याला सोडून देतो. बापलेक गर्दीत हातात हात घालून चालू लागतात.

सायकल सापडत नाही, नोकरीचे काय झाले ते कळत नाही. पण मला वाटते, या चित्रपटाची खरी बाकी सायकलीची नाहीच. बापाला चोर म्हणून लोकांनी धरलेले मुलाने पाहिले आहे, ही ती बाकी. हे पाहिलेले आता न पाहिलेले होणार नाही. टिंग्या आणि ब्रुनो हे एकाच घरचे वाटतात ते यामुळे. पोराने बापाला हरताना पाहणे ही गोष्ट रोममध्ये आणि जुन्नरमध्ये सारखीच आहे.

५

आता ज्या चित्रपटामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९चा. विदर्भातला कापूस पिकवणारा किसना गिरीश कुलकर्णी यांनी केला आहे, त्याची बायको अलका सोनाली कुलकर्णी यांनी, आई ज्योती सुभाष यांनी. गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो. आपला नवराही तेच करील, या धास्तीने अलका त्याला एकटे सोडत नाही. त्याला आवडेल ते रांधून घालते आणि लहानग्या दिनूला त्याच्या मागे-मागे धाडते. किसनाला यातले काही कळत नाही. आज घरात एवढे गोडधोड कशाला, म्हणून तो बुचकळ्यात पडतो. विषय मरणाचा असून चित्रपट कितीतरी ठिकाणी हसवतो. शेवट येथे सांगत नाही, तो पाहावा.

हा चित्रपट मी औरंगाबादला जाऊन पाहिला. त्या रात्री वहीत अभिनयाची, वऱ्हाडी बोलीची तारीफ लिहिली आणि खाली एक वाक्य लिहिले : 'बायकोने पोराला बापाच्या पाळतीवर ठेवणे ही क्लृप्ती पटकथेच्या सोयीची वाटते, खेड्यात असे कोणी करत नाही.' शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने लिहिलेले हे वाक्य आहे.

२०१२चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात जवळजवळ आलाच नाही. जालना मोसंबीसाठी ओळखला जातो. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबी लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. एक वर्ष पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पेरता येते. बाग गेली तर माणसाच्या वयातली तेवढी वर्षे जातात. आमच्या वडिलांनी रंगपूर लिंबाच्या खुंटावर न्यूसेलरची कलमे लावली होती, दोन एकरांत सव्वादोनशे झाडे. मी जालन्याला नोकरीला लागलो, थोरला भाऊ शेतीवर राहिला. २०१३च्या मार्चपर्यंत दादाने टँकर विकत घेऊन बाग जगवली. पुढे टँकरचे भाव परवडेनात, आणि नंतर टँकरच मिळेनात. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालली. मे महिन्यात दादानेही बाग तोडली. लाकूड जळतणाच्या भावाने गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी गावी गेलो. जेवणे झाली. दादाने खिशातून डबी काढली, तंबाखू मळली, डबी खिशात ठेवली आणि काही न बोलता शेताकडे निघाला. तो वळणावर दिसेनासा होताच वहिनीने पोराला हाक मारली, "आरं, आबाची डबी राह्यली बघ. जा, देऊन ये." पोरगा अकरा वर्षांचा. तो रिकाम्या हातांनी धावत गेला. डबी दादाच्या खिशात होती हे मी पाहिले होते. वहिनीनेही पाहिले होते. पोरालाही ते माहीत होते, कारण डबी कुठे आहे, हे त्याने विचारले नाही.

मी वहिनीकडे पाहिले. ती भांडी गोळा करत होती. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही यायले तर जरा सांच्यापर्यंत थांबत जा."

वहिनीने 'गाभ्रीचा पाऊस' पाहिलेला नव्हता, आजही पाहिलेला नाही. तिला ही क्लृप्ती कोणी शिकवली नव्हती. म्हणजे मनवर यांनीही ती सोयीसाठी रचली नव्हती. त्यांनी ती घराघरांतून पाहून किंवा ऐकून आणली असणार. त्या रात्री जालन्याला परत येऊन मी २००९ची वही काढली आणि ते वाक्य वाचले. दादा सुखरूप आहे. पुन्हा बाग लावली नाही, कपाशी आणि तूर घेतो. पण ते वाक्य वहीत तसेच आहे.

या चित्रपटाचे मोल मला चार वर्षांनी कळले, ते असे. शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर सरकारी मदतीचे १ लाख रुपये द्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' याची चौकशी होते. वर्तमानपत्रांत आकडे येतात तेही मेलेल्यांचे. माणूस मरू नये म्हणून घरातली बाई दिवसभर जे करते, पोराला खोट्या निरोपावर पाठवते, दोर आणि औषधाचे डबे नजरेआड ठेवते, नको असताना गोड रांधते, त्या कामाची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. मनवर यांनी ती नोंद केली आहे. आणि ती करताना हसू ठेवले आहे, कारण अशा घरात माणसे दिवसभर रडत नसतात. मला ते हसू पटकथेची युक्ती वाटले होते. ते त्या घरातले जगण्याचे साधन होते.

६

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ला प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या (सोमनाथ अवघडे) वर्गातल्या शालूवर जीव टाकून आहे आणि काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो आहे. त्याचा बाप कचरू (किशोर कदम) गाव सांगेल ते काम करतो, आणि गाव डुकरे पकडायला सांगते. जालन्याला मी पुतण्याला सोबत घेऊन तो पाहिला. डबी घेऊन धावणारा तोच पोरगा, आता बारा वर्षांचा.

डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि कचरूचे अख्खे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र थांबत नाही. आपल्याकडे टॉकीजमध्ये खेळाआधी राष्ट्रगीत होते, त्यासाठी आम्ही सगळे दीड तासापूर्वीच उभे राहिलो होतो. आता पुन्हा उभे राहायचे की बसून राहायचे, हे कोणाला कळेना. काही उठले, काही हसले. मी अर्धा उठून पुन्हा बसलो. पुढे ते डुक्कर बांबूला बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. मंजुळे कॅमेरा तेथे थोडा थांबू देतात, भाष्य करत नाहीत.

परत येताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, जब्या भिंतीआड लपतो ना, मीपण तसाच लपायचो. आबानं पाहू नये म्हणून."

येथवर माझा सिद्धान्त मला व्यवस्थित लागू पडताना दिसत होता. बापाला पाहणारे पोर, मागे उरलेली बाकी, ब्रुनो, टिंग्या, दिनू, जब्या. त्या रात्री वहीत मी हे लिहिलेही. पण शेवटचा प्रसंग या ओळीत बसेना. जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्याकडे, पडद्याच्या बाहेर येतो. टिंग्याच्या शेजारी बसायला मला जागा होती. जब्याने ती दिली नाही.

त्याचे कारण मला गावाकडे शोधावे लागले. आमच्या लहानपणी जत्रेच्या आधी गावातली डुकरे हुसकायला गावकुसाबाहेरच्या एका घराला सांगावा जाई. तो माणूस, त्याची बायको, पोरे चिखलातून धावत, आणि आम्ही शाळेच्या ओट्यावरून पाहत असू. आम्ही हसत होतो. त्या घरातला एक मुलगा माझ्याच वर्गात होता. तो त्या दिवशी शाळेत यायचा नाही. का येत नाही, असे मी त्याला कधी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते, म्हणून विचारले नाही. मास्तरच्या तोंडचा प्रश्न ऐकून माना डोलावणारे आम्ही आमच्या शाळेतला हा साधा प्रश्न विचारू शकलो नव्हतो.

म्हणून 'फँड्री'ची बाकी वेगळ्या बाजूला लिहावी लागते. इतर चार चित्रपटांत कोणाचे तरी येणे राहिले आहे आणि आपण त्याच्या बाजूने उभे आहोत. येथे ते आपल्या नावे पडले आहे. माझ्या पुतण्याला जब्यात स्वतःला पाहता आले, कारण त्याने बापाच्या पाठीमागे ते दिवस काढले होते. त्याला मी अडवणार नाही. पण बाग तोडलेल्याचे दुःख आणि जन्माने लादलेल्याचे दुःख एकच आहे, असे त्याला सांगणे खोटे होईल. दादाची बाग तुटली तेव्हा गाव दारात येऊन बसले होते. त्या दुसऱ्या घराच्या अंगणात आम्ही कधी गेलो नाही.

७

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही घरातूनच आले आहेत.

पहिला आत्याचा. १९९१चा 'माहेरची साडी' (दिग्दर्शक विजय कोंडके, नायिका अलका कुबल) तिने चारदा पाहिला. खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टर-ट्रकमधून या चित्रपटाला गेल्या. वहीत मी लिहिले आहे : 'रडवून मोकळे करणारा.' चित्रपटाच्या बांधणीविषयी माझे मत आजही तेच आहे. सोसणारी शेवटी मरते, छळणारे पस्तावतात, खाते बंद होते. पण आत्या मोकळी झाली नव्हती. जमिनीच्या वाटणीवरून वडिलांशी तिचे बिनसले होते आणि कितीतरी वर्षे तिला माहेरची साडी गेली नव्हती. चित्रपटाने जी बाकी मिटवली, ती तिच्या घरात उघडीच होती. म्हणजे मागे उरणारे माणूस पडद्यावर नसेल, तर ते खुर्चीतही बसलेले असू शकते. हे मान्य केल्यावर माझा नियम थोडा सैल होतो. तो सैलच बरा.

दुसरा आक्षेप दादाचा. आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' पर्यावरणावरील उत्कृष्ट चित्रपटाचा २०१९चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून १८ ऑक्टोबर २०२४ला प्रदर्शित झाला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत हनुमंत केंद्रे यांनी गावाला सोबत घेऊन पाणी आणले, त्या खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. पाणी नसलेल्या गावात मुलगी द्यायला कोणी तयार नसते, येथून कथा सुरू होते. यात प्रश्न सुटतो. माझ्या मोजमापाने हा चित्रपट लवकर विसरायला हवा. दादाने मात्र तो पाहिल्यावर आठवडाभर त्याचाच विषय काढला. बांध कुठे घातले असतील, उतार कसा असेल, गावाला एकत्र कसे आणले असेल. मी त्याला 'गाभ्रीचा पाऊस' पाहण्याविषयी सुचवले, तेव्हा म्हणाला, "ते पाहून काय करू? ते पाहिलंय मी. हे पाहिलं नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी ठेवणारा चित्रपट ज्याच्याकडे आधीच बाकी साचलेली आहे, त्याच्या काय कामाचा? कदाचित असे चित्रपट आमच्यासारख्यांसाठी असावेत. जे मोंढ्यात, कचेरीत, शाळेत बसून शेतीविषयी आणि गावाविषयी मते देतात. दादाला माहीत असलेले मला माहीत नव्हते, आणि वहीत मी ते खोटे ठरवले होते.

८

तेव्हा कोणी विचारले तर हे पाच चित्रपट मी सांगेन. 'संत तुकाराम' घरातल्या वडीलधाऱ्या बायकांसोबत पाहावा आणि मध्ये-मध्ये त्या काय बोलतात, तिकडे कान ठेवावा. 'सामना' चार मित्रांसोबत पाहावा, म्हणजे नंतर न घेतलेले नाव कोणाच्या ओठांवर आले ते कळेल. 'टिंग्या' मुलांना दाखवावा; त्यांनी प्रश्न विचारला, तर घाईने उत्तर देऊ नये. 'फँड्री' पाहताना आपण गावाच्या कोणत्या बाजूला वाढलो, हे आठवावे. 'गाभ्रीचा पाऊस' पाहताना दिनूवर नजर ठेवावी.

हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर ती पुसायची नसते. दुसरी नोंद करून फिरवायची असते, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. २००९च्या त्या वाक्याखाली मी आता तारीख घालून लिहिले आहे : 'वरील मत चुकीचे. खेड्यात असे करतात. मे २०१३मध्ये पाहिले.' वहिनीला हे वाचून दाखवायचे अजून धाडस झालेले नाही. या पाडव्याला गावी जाणार आहे, तेव्हा हा अंक सोबत नेईन.